पाठमोरी

सुगंधाने पोर उचललं आणि थेट माझ्या मशीनच्या फळीवर आणून बसवलं. मी ब्लाऊजची बाही जोडत होते. पोरीचं बोट आणि सुई यांत वीतभरही अंतर नव्हतं. मी पाय थांबवला आणि चांगलीच डाफरले. माझ्या डाफरण्याचा तिला काय उपयोग? तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग पोरीच्या कानाकडे. पुन्हा तोंड, पुन्हा कान. मला वाटलं, पोरीला कानटोपी शिवून हवी आहे. मी टेप काढला आणि डोक्याचं माप घ्यायला लागले. सुगंधाने टेप माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला. पाची बोटं जुळवली आणि माझ्या तोंडासमोर त्यांची उघडमीट केली. बोल, म्हणत होती. हिच्याशी बोल.

पोलादपूरच्या एसटी स्टँडमागे माझं शिवणकामाचं दुकान आहे. नाव मंजुळा, पण आवाज असा की स्टँडवरचा माईक बिघडला तर गाड्या हीच पुकारेल, असं आमचे हे म्हणायचे. हे म्हणजे रामजी. ते जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर मला माणसांनी एकच सांगितलं, बाई, जरा गप्प बस. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, आता मुलगा धम्मपाल सांगतो. तो महाडला एमआयडीसीत कंपनीत आहे. शिफ्ट करून येतो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. आणि पन्नाशी ओलांडल्यावर मला बोल म्हणणारी एक बाई भेटली, तीही अशी, जिला माझा एक शब्द ऐकू जायचा नव्हता. मला हसू आलं. मग पोरीकडे बघून मी बोलायला लागले ते दुपारी जेवणासाठीच थांबले.

सुगंधाची वाडी महाबळेश्वरच्या घाटरस्त्याला लागलं की वर. वाडीतली निम्म्याहून जास्त घरं कुलूपबंद. माणसं मुंबईला, येतात ती शिमग्याला आणि गणपतीला. तिचा नवरा सुहासही मुंबईलाच, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये. सासू होती तोवर घरात आवाज होता. दिशा जन्मली आणि थोड्याच दिवसांत म्हातारी गेली. घरात उरल्या दोघी, एक ऐकू न येणारी आणि एक अजून बोलायला न लागलेली. महाडच्या डॉक्टरांनी पोरीच्या पाठीमागे घंटी वाजवून पाहिली होती आणि सुहासला सांगितलं होतं, कान उत्तम आहेत, पण कानावर बोलणं पडायला हवं. सुगंधाला हे सगळं त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मग तिने, जास्तीत जास्त तोंड हलतं ते ठिकाण शोधलं असणार. स्टँडवरून येता-जाता माझं तोंड मिटलेलं तिने कधी पाहिलं नसेल.

फुकट नको होतं तिला काही. रोज सकाळी पोर काखेत घेऊन उतरायची, माझ्यासमोर बसून ब्लाऊजचे हूक लावायची, साड्यांना फॉल लावायची. टाका असा बारीक की सुलट बाजू कुठली ते शोधावं लागायचं. पोर कापडाच्या चिंध्यांच्या ढिगात बसलेली. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिच्याशी दोन शब्द बोलणार आणि मी उरलेले सगळे.

पोर आधी नुसती गुरगुरायची, मग ओठ मिटून उघडायला लागली. बबबब. ममम. पपप. मी कित्येक मुलं अंगाखांद्यावर खेळवली, पण असं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. सुगंधा पाहत होती म्हणून मी पाहायला लागले. पोरीचे ओठ जुळले की हिची सुई थांबायची. भूक लागली की मम. दारात कुत्रा आला की भूभू. मांजर दिसलं की माऊ. गालाला गाल लावायचा तर पापा. बाहेर जायचं म्हटलं की भुर्र, म्हणजे दिशाच्या तोंडचं भुल्ल. आमच्या आज्या-पणज्यांनी लहान मुलांसाठी शब्द केले ते सगळे ओठांवर केले, हे मला तेव्हा कळलं. आणि ओठांवरचं सगळं सुगंधाला दिसायचं. पोरगी काय म्हणाली ते कधीकधी माझ्या आधी तिला कळायचं. मी काज करायला सुईत दोरा ओवत असायचे तेवढ्यात ही उठून पोरीच्या तोंडात भाकरीचा तुकडा द्यायची. मग माझ्याकडे बघून ओठ जुळवायची, मम, बिनआवाजाचं. तिचे ते दिवस फार सुखाचे होते. मी तिला इतकं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

एक शब्द मात्र पोर म्हणायची नाही. आई. मी शंभरदा शिकवला. सुगंधाकडे बोट करून सांगायचे, ही कोण, आई. पोर माझ्याकडे बघायची, आईकडे बघायची, रांगत जाऊन आईच्या हातावर दोन थापट्या मारायची. आईला हाक मारायची ती तशी. तोंडाने मारून उपयोग काय, मागे वळणारं कोणी नव्हतं, आणि एवढंसं पोर ते शिकून बसलं होतं. मला आधी गंमत वाटली. नंतर वाईट वाटायला लागलं.

मग काऊचा दिवस आला. दारासमोरच्या तारेवर कावळा बसला की पोरगी इतके दिवस ताऊ म्हणायची. सगळीच मुलं म्हणतात. जीभ पुढे दातांशी सापडते, मागे टाळूशी जायला वेळ लागतो. त्या दिवशी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं आणि दिशा स्पष्ट म्हणाली, "काऊ." बायकांनी टाळ्या पिटल्या, कोणी तिचा मुका घेतला, कोणी बिस्किट दिलं. सुगंधाने माझं कोपर धरलं. काय म्हणाली? मी तोंड उघडून म्हणून दाखवलं. तिने पुन्हा दाखवायला लावलं. मग माझ्या हनुवटीला बोट लावून माझा जबडा खाली केला आणि वाकून आत पाहिलं, दुखऱ्या दाढेचा डॉक्टर पाहतो तसं. आत काही दिसेना. मी तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाले, काऊ. तिने हात काढून घेतला. पोरीकडे बघत बसली, आणि त्या दिवशी तिच्याकडून पहिल्यांदाच फॉल उलटा लागला.

तेव्हापासून पोरीचं बोलणं आत आत जात गेलं. गाय आली, खाऊ आला, टिकली आली, चहा आला. पोर जसजशी शहाणी होत होती तसतसा तिचा शब्द ओठ सोडून घशाकडे निघाला होता आणि आई मागे ओठांशीच राहिली होती. सुगंधा कधीकधी पोरीला मांडीवर घेऊन तिच्या पाठीवर पंजा पसरून बसायची. पोरगी बोलली की पाठ थरथरते ना, ते तिला हाताला लागायचं. तेवढंच. पण पोरीला मांडीवर बसायचं नसायचं, तिला चिंध्यांत जायचं असायचं.

आणि मध्येच पोरगी गप्प व्हायला लागली. आईचं तोंड समोर आलं की हिचं तोंड मिटायचं. काही हवं असलं की थापटी मारायची आणि हाताने दाखवायची, माझ्याशीसुद्धा. कावळा दाखवायचा तर दोन्ही हात पंखांसारखे हलवायची. मी घाबरले. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावलं, सुगंधाने स्वतः आणलं होतं ते. दुकानात नेहमी येणाऱ्या बयाबाई आहेत, त्यांनी परसातल्या झाडावरचा पोपटाने चोच मारलेला पेरू आणला. पोपटाचं उष्टं खाल्लं की मूल बोलतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही तो पेरू पोरीला खाऊ घातला. नेमकं त्याच आठवड्यात सुगंधाने आपली बसायची जागा बदलली. इतके दिवस माझ्यासमोर बसायची, ती आता उंबऱ्याशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसायला लागली, आमच्याकडे पाठ. मी खुणेने विचारलं तर सुई वर धरून दाखवली, इथे उजेड आहे. उजेड आतही होता. मला वाटलं, रुसली. पोरगी आपल्याला न कळणारं बोलते, त्याचा राग माझ्यावर काढते. वाईट वाटलं, पण मी काही म्हणाले नाही. म्हणाले तरी तिला कुठे कळणार होतं?

पेरूने मात्र काम केलं. पोरगी बोलायला लागली ती अशी की तिच्या तोंडातून लाह्या फुटायला लागल्या. र यायचा नाही, ळ यायचा नाही, ण यायचा नाही, पण अडायचं कशाला? भाकरीला भाकली, बाळाला बाल, मला मंदुलाजी. बयाबाईंच्या पेरूची कीर्ती बाजारभर झाली. दोन आया पोरं घेऊन त्यांच्या दारात गेल्या.

शिमग्याला सुहास आला, बरोबर त्याची बहीण सरिता. दोघं दोन दिवस वाडीवरच होते, पालखी झाली की निघाले. ते गेल्यावर सुगंधा दुकानात आली ती अंगात जीव नसल्यासारखी. काय झालं ते बयाबाईंच्या सुनेकडून कळलं, तिचं माहेर त्याच वाडीतलं. दोन दिवसांत पोरीने आत्याजवळ तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. सरिता म्हणाली होती, आईबरोबर राहून ही पण मुकी होणार. गणपतीपर्यंत बघू, नाहीतर मी हिला मुंबईला नेते, माझ्या पोरांत वाढेल, नर्सरीत घालते. सुहास गप्प बसला होता. सुगंधाला ऐकू येत नसलं तरी आपल्या पोरीकडे आणि मग मुंबईच्या रस्त्याकडे दाखवलेला हात तिला कळतो.

मी सुहासला फोन करून सांगितलं, तुझी पोरगी माझ्यापेक्षा जास्त बोलते. त्याला खरं वाटेना. फोन पोरीच्या कानाला लावला तर ती त्यातली बटणं दाबत बसली. गिऱ्हाइकांपैकी एकीला व्हिडिओ काढायला सांगितलं तर पोरीला तो मोबाइलच हवा. काही जमलं नाही. पण मी निर्धास्त होते. गणपतीत येतील, ऐकतील, तोंडात बोट घालतील. सुगंधालाही मी तसंच छातीवर हात ठेवून सांगितलं. तिने मान हलवली, पण तिची झोप उडाली होती हे तिच्या डोळ्यांवरून दिसायचं.

गणपतीत मला तिने वाडीवर बोलावलं. आमच्यात गणपती बसत नाही, पण प्रेमाने बोलावलं तर उकडीच्या मोदकाला नाही म्हणणारी मी नव्हे. धम्मपालने गाडीवरून वर सोडलं. पाऊस थांबून नुसतं धुकं होतं. घर शेणाने सारवलेलं, मखराला झेंडूच्या माळा. सरिता चांगली बाई निघाली, हे सांगायला हवं. तिला मी मनातल्या मनात कैदाशीण करून ठेवलं होतं. तिने माझ्या पाया पडून मला पाट दिला. दिशाला मांडीवर घेऊन बसली होती. भिंतीशी एक नवी बॅग होती, तिच्या उघड्या चेनमधून दिशाचे फ्रॉक दिसत होते. ते मीच शिवलेले.

सरिता म्हणाली, पोरी, आत्याला नाव सांग. पोर गप्प. सुहासने विचारलं, गणपतीबाप्पाला काय आवडतं. पोरीने आईकडे पाहिलं, बापाच्या हातावर दोन थापट्या मारल्या आणि मोदकाच्या ताटाकडे बोट केलं. मी म्हटलं, थांबा, मी विचारते. काऊ कुठाय गो, दिशा? पोरीने माझ्या मनगटावर थापटी मारली आणि दोन्ही हात पंखांसारखे हलवले. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने विचारलं, रागावून विचारलं. माझा आवाज त्या घरात चढतच गेला आणि पोरीचं तोंड मिटलेलंच. सुगंधा चुलीशी बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती.

"मावशी, तुम्ही खोटं सांगताव असं नाय म्हणत मी," सरिता म्हणाली. "दुकानात बोलत असंल ती. पण ऱ्हायचं हितं हाय ना तिला, घरात. घरात पोर मुकी ऱ्हाते, हे दिसतंय नव्हं तुम्हाला पण?"

सुहासने मान खाली घातली. म्हणाला, "सरिता, ने तू. दोन-चार वर्षांचाच सवाल हाय."

सुगंधा उठली. तिला एवढं कळलं होतं की नवऱ्याने मान खाली घातली. मला वाटलं, आता पोरीवर झडप घालेल, बॅग बाहेर फेकेल. मी असते तर फेकली असती. तिने तसं काही केलं नाही. आधी पोरीकडे पाहिलं, मग आम्हा तिघांकडे. कोनाड्यातली रिकामी कळशी उचलली आणि मागच्या दाराने अंगणात गेली. पुढे अंगणाच्या टोकाला, तोरणाच्या झुडपापलीकडे जाऊन उभी राहिली, डोंगराकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. कळशी कमरेवर तशीच.

तिचं तोंड दिसेनासं झालं आणि माझ्या शेजारून आवाज आला.

"आई पान्याला गेली."

पोरीने आत्याच्या बांगडीत बोट घातलं. म्हणाली, "आत्या, ही बांगली मना दे." मग मोदक मागितला, मग दुसरा मागितला, मग मंदुलाजीच्या दुकानात मशीन कसं वाजतं ते वाजवून दाखवलं. सुहास पुढे सरकून तिच्यासमोर ओणवा झाला होता, तोंड उघडं टाकून. तिने त्याचे दोन्ही कान धरले आणि म्हणाली, "बाबा, तू गालीत बसून जाऊ नको. हितंच ल्हा." सरिताने पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती कोण जाणे, दोन्ही असेल.

मी मागच्या दाराकडे पाहत होते. पोरीच्या तोंडून मी आई हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता आणि जिला तो म्हटला ती त्या वेळी अंगणाच्या टोकाला पाठमोरी उभी होती. मग दुकानातला उंबरा आठवला. तिथेही ती अशीच बसायची, उजेडाचं कारण सांगून. पेरूचा काही संबंध नव्हता. आपलं तोंड दिसलं की पोर आपल्यासाठी आवाज टाकून देते, हातावर येते, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. म्हणून महिनोन्‌महिने ती पोरीकडे पाठ करून बसली. लेकराचे ओठ हलताना पाहण्यावर ती जगत होती, तेही तिने सोडलं, पोर बोलावी म्हणून. आणि मी म्हणत होते, रुसली.

"ऱ्हाऊ दे हितंच," सरिता म्हणाली. "दादा, बॅग रिकामी कर ती." मग माझ्याकडे वळली. "मावशी, वयनीला सांगा ना."

सांगायचं कसं? मी दारापर्यंत गेले. माझा आवाज स्टँडच्या पलीकडे जातो, पण त्या अंगणाच्या टोकापर्यंत तो कधीच पोचणार नव्हता. ती तशीच उभी होती. आत काय झालं, पोर बोलली की नाही, बॅग भरली की रिकामी झाली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या खांद्यांवर धुक्याचं पाणी बसलं होतं. ती वळून बघू शकत होती, पण बघत नव्हती. वळली आणि पोरीने पाहिलं तर पोर मध्येच थांबेल, अशी भीती असणार.

मी पायरी उतरणार तेवढ्यात दिशा माझ्या कमरेजवळून निसटली. चिखलातून अनवाणी तुरुतुरु गेली आणि तिने आईच्या पोटरीवर दोन थापट्या मारल्या.

सुगंधा खाली बसली. कळशी बाजूला ठेवली. पाची बोटं जुळवून त्यांची उघडमीट केली, बोललीस? पोरीने मान हलवली. सुगंधाने दाराकडे पाहिलं. दारात मी, माझ्यामागे सरिता, तिच्या हातात ती बॅग, चेन उघडून उलटी धरलेली, रिकामी. सुगंधाने ती पाहिली आणि पोरीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग दिशाने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, आपल्या तोंडासमोर आणलं. भाकली, बांगली, मशीन, मुंबई सगळं येणारी पोरगी ती. तिने ओठ जुळवले, उघडले, पुन्हा जुळवले. अगदी सावकाश, आईला नीट दिसावं म्हणून.

मी पायरी उतरून चार हात अंतरावर येऊन उभी होते. मला काही ऐकू आलं नाही. सुगंधा उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि तिला भरवायला आत गेली.